मेणबत्तीच्या उजेडातली तोडणी

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात लीड्स, ब्रॅडफर्ड आणि वेकफील्ड या तीन शहरांच्या आसपास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुबार्ब ही भाजी ऐन हिवाळ्यात बंद, काळोख्या शेडमध्ये पिकवण्याचा धंदा उभा राहिला. रुबार्ब ही रेवाचिनीच्याच कुळातली वनस्पती असून युरोपात तिच्या मुळांचे महत्त्व दीर्घकाळ रेचक औषधापुरतेच होते. देठांना स्वयंपाकघरात जागा मिळाली ती साखर स्वस्त होत गेल्यावर, कारण साखरेवाचून ते आंबट देठ तोंडात धरवत नाहीत. पाने तर विषारीच असतात.

अंधाराचा गुण कळला तो योगायोगाने. 1817 साली लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डन या औषधी वनस्पतींच्या बागेत खोदकामाची माती रुबार्बच्या गड्ड्यांवर पडली आणि काही आठवड्यांनी ती उपसली, तेव्हा खाली नेहमीपेक्षा कोवळे व गोडसर देठ फुटलेले आढळले. नवरात्रात देवघराच्या कोपऱ्यात, घटाभोवतीच्या मातीत रुजलेले धान्य उजेडाअभावी जसे पिवळसर आणि लांबुळके होते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की घटातील अंकुर दाण्यातल्या साठ्यावर वाढतो आणि रुबार्ब गड्ड्यातल्या साठ्यावर.

यॉर्कशायरच्या शेतकऱ्यांनी या योगायोगाची पद्धत बसवली, आणि लीड्सच्या व्हिटवेल घराण्याने 1877 च्या सुमारास खास या कामासाठी शेड बांधल्याचे सांगितले जाते. गड्डे दोन वर्षे उघड्या शेतात, एकही देठ न तोडता पोसले जात, आणि पुरेशी थंडी खाल्ल्यावरच उपटून शेडमधील जमिनीवर एकमेकांना खेटून मांडले जात, कारण त्या थंडीवाचून गड्ड्याची झोप मोडत नाही. मग दारे बंद करून ऊब दिली की साठवलेल्या पिष्टाची साखर होऊन गुलाबी देठ आणि वर मुठीएवढे पिवळे पान असे कोंब इतक्या वेगाने वर येत, की कळ्या फुटतानाचा बारीक टकटक आवाज कानी पडे. उजेडाने देठ निबर होऊ नयेत म्हणून तोडणी मेणबत्तीच्या प्रकाशात चाले. हंगाम संपला की पिळवटलेले गड्डे टाकून द्यावे लागत, म्हणजे दोन वर्षांची मशागत काही आठवड्यांत खर्ची पडे.

असला उधळा व्यवहार परवडला तो या मुलखाच्या कारखानदारीमुळे. शेड तापवायला कोळसा जवळच्या खाणींतून येई. लोकरीच्या गिरण्यांतला टाकाऊ चोथा, ज्याला तेथे ‘शॉडी’ म्हणत, तो सावकाश नत्र सोडणारे खत म्हणून शेतात जाई. आणि माल न्यायला रेल्वे होती. आर्डस्ली स्थानकातून हंगामात रोज रात्री लंडनकडे सुटणाऱ्या गाडीला ‘रुबार्ब एक्स्प्रेस’ असे नावच पडले होते. या पिकाला शेतीपेक्षा गिरणगावाचे अपत्य म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी फळे हिवाळ्यातही मिळू लागली, विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात ती गाडी बंद झाली आणि एके काळी दोनशेच्या घरात असलेल्या उत्पादकांपैकी जेमतेम डझनभर टिकले. 2010 साली युरोपीय संघाने ‘यॉर्कशायर फोर्स्ड रुबार्ब’ या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. त्या नावातला ‘फोर्स्ड’ हा शब्द अवेळी, ऊब देऊन फुटायला लावलेल्या पिकासाठी वापरला जातो.