हातातून सुटका

इंग्रजीत ‘मॅन्युमिट’ असे एक क्रियापद आहे. रोजच्या वाचनात ते सहसा भेटत नाही. इतिहासाच्या पुस्तकात कधीमधी गाठ पडते. धन्याने आपल्या गुलामाला मोकळे करणे, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द मूळचा लॅटिन. ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘मित्तेरे’ म्हणजे सोडणे. आपल्या ‘माणूस’ शब्दाशी या ‘मानुस’चं काही नातं नाही बरं का! पण आपण ‘हाताखालचा माणूस’ म्हणतो, तसाच रोमन लोकांच्या भाषेतही हात म्हणजे सत्ता. हातातून सोडणे म्हणजे सत्तेतून सोडणे.

हे होई कसे? धनी गुलामाला घेऊन न्यायाधिकाऱ्यापुढे जाई. तेथे गुलामाच्या अंगाला काठी लावून तो स्वतंत्र असल्याचे पुकारीत आणि धनी त्यास संमती देई. कोणी मृत्युपत्रात तसे लिहून ठेवी. इ. स. पूर्व ३५७ पासून यावर गुलामाच्या किमतीच्या शेकडा ५ इतका करही बसला. सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याने इ. स. पूर्व ५३ मध्ये आपला लेखनिक टिरो याला मुक्त केले. रिवाजाप्रमाणे टिरोला धन्याचेच नाव मिळाले: मार्कस टुलियस टिरो. सुटका झाली, तरी जुन्या धन्याचा मान राखण्याचे बंधन उरेच.

पुढे अठराशे वर्षांनी अमेरिकेतही हीच रीत दिसते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९९ च्या मृत्युपत्रात आपल्या मालकीचे १२३ गुलाम पत्नीच्या पश्चात मुक्त करावेत, असे लिहिले. पत्नीने ते १८०१ च्या आरंभीच मोकळे केले. पण त्याच मळ्यावर तिच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतले १५३ गुलाम होते. त्यांना सोडण्याचा हक्क दोघांनाही नव्हता. या दोन्ही गटांत आपसात लग्ने झाली होती. तेव्हा कित्येक घरांत नवरा सुटला आणि बायको-मुले अडकून राहिली!

१८६५ मध्ये अमेरिकेच्या घटनेतील तेराव्या दुरुस्तीने, गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवून, गुलामगिरीच बंद केली. मग धन्याच्या मर्जीचा प्रश्नच उरला नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना.

शिक्षकबंधूंनी हे क्रियापद फळ्यावर लिहून मुलांना एवढंच विचारावं: या वाक्यात कर्ता कोण? उत्तर येईल, धनी. गुलाम नेहमी कर्म. स्वातंत्र्य दुसऱ्याच्या हातून मिळणे आणि ते कायद्याने हक्काचे असणे, यातला फरक मुलांना व्याकरणाच्या तासालाच कळेल.