नाणेबाजार म्हणजे नेमकं काय?

नाणेबाजार, म्हणजे मनी मार्केट, हा नांदगावच्या कांदा मार्केटसारखा आवार असलेला बाजार नव्हे. एका दिवसापासून एका वर्षापर्यंतच्या मुदतीने पैसा देण्या-घेण्याचा हा व्यवहार आहे. गरज मात्र ओळखीचीच. कांदा घेणाऱ्या व्यापाऱ्याला शेतकऱ्याचे पैसे लगेच चुकते करायचे असतात, त्याचे स्वतःचे पैसे परराज्यातून उशिरा येतात. मधले दिवस काढायचे कसे?

बँकांचंही तसंच. रोकड कमी पडली की एक बँक दुसरीकडून रात्रीपुरते पैसे उचलते, त्याला कॉल मनी म्हणतात. मोठ्या कंपन्या कमर्शियल पेपर काढतात. सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं विकतं. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून ती १० हजार रुपयांपासून आपणही घेऊ शकतो.

या बिलावर व्याजदर छापलेला नसतो, म्हणून काही जण ते बिनव्याजी समजतात. समजा ९८ रुपयांना घेतलं, मुदतीला १०० मिळाले. वरचे २ रुपये हा सरकारला दिलेल्या उधारीचाच मोबदला, आणि बहुतेक उलेमा त्याला व्याजच मानतात. लिक्विड म्युच्युअल फंडातला पैसाही बहुतांशी अशाच कागदांत जातो, हे व्याज टाळणाऱ्यांनी आधी बघून घ्यावं.