एका माणसाची अनेक नावे

कुळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला आडनाव अधिक चकवते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात आडनाव बदलते ते बहुधा गावामुळे किंवा वृत्तीमुळे, आणि त्याचा माग काढता येतो. माणसाचे स्वतःचे नाव मात्र एकाच हयातीत, एकाच घरात, तीन-चार रूपे धारण करते. ही रूपे म्हणजे लेखनिकाचा निष्काळजीपणा असे समजून 'शुद्ध' रूप निवडणे आणि बाकीची टाकून देणे ही संशोधनाची रीत नव्हे. हाक मारणारा कोण आणि लिहून घेणारा कोण, यावर ती रूपे ठरलेली असतात.

नातवाला आजोबांचे नाव ठेवावे अशी आपली जुनी चाल. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारू नये, हाही तितकाच जुना दंडक. मग सासऱ्याचे नाव मिळालेल्या स्वतःच्या मुलाला आईने हाक कोणत्या नावाने मारावी? नाना, दादा, भाऊ, अप्पा, बापू, तात्या ही हाकेची नावे घरोघर रुळली, त्यामागे इतर कारणांबरोबर हा पेचही आहे. पेशव्यांचे घराणे पाहा. बाळाजी विश्वनाथांच्या थोरल्या मुलाचे नाव विसाजी, म्हणजे आजोबांचेच विश्वनाथ हे नाव. इतिहास त्यांना बाजीराव म्हणून ओळखतो. त्यांचा मुलगा पुन्हा बाळाजी, तेच नानासाहेब. रूढ नावे बाजूला ठेवली तर चार पिढ्यांत विश्वनाथ, बाळाजी, विश्वनाथ, बाळाजी अशी दोनच नावे उरतात. शिवाय त्याच दरबारात बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००) हे आणखी एक 'नाना' आहेतच. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव पणजोबांवरून केशव. 'बाळ' ही घरातली हाक, आणि जगापुढे गेले ते हेच नाव. एखाद्या अपरिचित घराण्याच्या कागदांत एके ठिकाणी केशव गंगाधर आणि दुसरीकडे बाळ गंगाधर आढळले असते, तर वंशावळ करणाऱ्याने दोघा भावांची नोंद निःशंकपणे केली असती.

नावाच्या शेपटाकडेही पाहिले पाहिजे. विठू, विठोबा, विठोजी, विठ्ठलराव ही व्याकरणदृष्ट्या एकाच नावाची रूपे. समाजात मात्र त्या पायऱ्या होत्या. कोणाच्या नावाला 'जी' वा 'राव' लागायचे आणि कोणाचे नाव एकेरीच टिपायचे, हे टाक धरणारा हात ठरवीत असे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचे नाव दाखल झाले, ते रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' असे आहे. भिवा ते भीमराव हे अंतर केवळ उच्चाराचे आहे, असे कोण म्हणेल? (तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.) २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी दप्तरे उघडली गेली, तेव्हा पणजोबांच्या नावाचे रूप हा अभ्यासकाच्या कुतूहलापुरता विषय राहिला नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द एकमेकांना चिकटून येतात. अशा वेळी खरा आधार नावाचा नसतो, 'बिन' या छोट्या शब्दाचा असतो: अमका बिन तमका. बापाचे नाव आणि जमीन जुळली की विठू आणि विठोजी एकच ठरवता येतात.

धोंडू, दगडू, भिकाजी, कचरू या नावांविषयी एक सावधगिरी. आधीची मुले दगावली की दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे ठेवीत, हे खरे. त्यामुळे वंशावळीत 'धोंडो' दिसला की त्याच्याआधीची, नोंद न झालेली भावंडे शोधावीशी वाटतात. पण अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेलाही धोंडू होतो. आणि पुढे त्याचा नातू केवळ आजोबांचे नाव म्हणून धोंडू. असो.

नाव समूळ बदलण्याचे प्रसंग दोन: दत्तक आणि विवाह. झाशीच्या एकाच घरात दोन्ही दिसतात. मणिकर्णिका तांबे लग्नानंतर लक्ष्मीबाई झाल्या. त्यांचा मुलगा दामोदर तान्हेपणीच गेला. १८५३ साली दत्तक घेतलेल्या आनंदरावाला त्याच मृत मुलाचे नाव मिळाले. म्हणजे एका आईचे दोन दामोदर. पण दत्तकाला कागद लागतो; वारसा सिद्ध करायचा असल्याने जन्मदात्याचे नाव त्यात टिकते. वधूचे नवे नाव ताटातल्या तांदळावर लिहिले जाते, आणि ते तांदूळ त्याच दिवशी विसकटतात. पुरुषाचे नाव बदलले तरी बापाचे नाव आणि आडनाव स्थिर असतात. स्त्रीची तिन्ही पदे एकाच मुहूर्तावर बदलतात आणि 'बिन'च्या जागी 'कोम' येतो, ज्याच्यापुढे पतीचे नाव असते.

आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघीही माहेरच्या यमुना. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी स्वतः लिहिले किंवा त्यांच्याविषयी, त्यांच्या पतींविषयी लिहिले गेले. ज्यांच्याविषयी कोणीच लिहिले नाही, अशा असंख्य राधाबाई आणि लक्ष्मीबाई आपल्या वंशावळींत पतीच्या चौकटीशेजारी बसल्या आहेत. अनेकींना तर चौकटही नाही. त्याहून विपरीत प्रकार असा, की माहेरचे नाव एका कागदात आणि सासरचे दुसऱ्यात सापडल्यामुळे एकाच स्त्रीच्या दोन बायका होतात, आणि बिचाऱ्या पणजोबांच्या माथी न केलेले दुसरे लग्न येते.

पणजीचे पहिले नाव हवे असेल, तर ते सासरच्या कागदांत शोधत बसण्यात अर्थ नाही. तिच्या भावाच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो काढावा. त्यात पुष्कळदा मुलींची दोन्ही नावे दिलेली असतात. नसेल तर भावाने लिहिलेली पत्रे पाहावीत, कारण माहेरच्या माणसांच्या तोंडातले जुने नाव सहसा बदलत नाही. १ मे २०२४ वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने सक्तीचे केले आहे. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याची पद्धत मात्र त्या निर्णयाने तशीच ठेवली.