कुरणशाळा

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चराऊ रानातच भरवलेली शाळा. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या साथीने १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, ही अंगणवाडी. पुढे कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांमागे शाळा कुरणात गेली. माँटेसरी शिक्षणपद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, पाने, शंख-शिंपले आले. ही साधने स्वस्त होती, पण खरा गुण मुलांच्या ओळखीची असण्यात होता. मात्र भंडारदऱ्यासारख्या अतिपावसाच्या मुलखात अशा उघड्या बालवाडीला उतरत्या छपराची रुंद पडवी, उंच जोते आणि पाणी वाहून नेणारा चर हवाच, खेळणी नंतर.