पाटलिपुत्राचा तट आणि तटाबाहेरची माणसे

महारांच्या वतनी कामांत एक काम असे: गावकुसाची भिंत ढासळली की ती पुन्हा रचायची. भिंत आम्ही उभी करायची आणि राहायचे तिच्या बाहेर! त्यामुळेच असेल, कोणत्याही तटाचे वर्णन वाचताना मला त्याच्या उंचीपेक्षा तो रचणाऱ्या हातांची चौकशी करावीशी वाटते. मौर्यांची राजधानी पाटलिपुत्र हिच्याविषयी वाचतानाही मी तेच केले.

चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगास्थेनीस याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. स्ट्रॅबो, एरियन यांच्यासारख्या नंतरच्या लेखकांनी त्यातले जे सांगितले तेवढेच उरले. गंगा आणि शोण यांच्या संगमावरचे हे शहर सुमारे ९ मैल लांब आणि पावणेदोन मैल रुंद होते. भोवती लाकडी तट, त्याला बाण सोडण्यासाठी भोके, ५७० बुरूज, ६४ दरवाजे. बाहेर ६०० फूट रुंद आणि ३० हात खोल खंदक. हिशेब केला तर दर ६०-६५ मीटरला एक बुरूज येतो. आकडे फुगवलेले असतील. पण लाकूड खोटे नव्हते. पाटण्याजवळ बुलंदीबाग येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत जे उत्खनन झाले, त्यात सालाच्या ओंडक्यांच्या दोन समांतर रांगा जमिनीत उभ्या सापडल्या.

हे ओंडके कोणी तोडले, कोणी वाहिले, तो खंदक कोणी उपसला? मेगास्थेनीस म्हणतो, भारतात गुलाम नाहीत. आमच्या कित्येक विद्वानांना हे वाक्य फार प्रिय आहे. परंतु खुद्द अशोक आपल्या शिलालेखांत दासांशी आणि चाकरांशी नीट वागा असे बजावतो. नसलेल्या माणसांशी नीट वागायला कोणी सांगत नाही. शिवाय विष्टी होतीच. विष्टी म्हणजे वेठ. जुनागढला चंद्रगुप्ताच्या काळी बांधलेल्या सुदर्शन तलावाचा बांध फुटला, तेव्हा तो आपण वेठ न लावता दुरुस्त केला असे रुद्रदामन इ. स. १५० च्या सुमारास खडकावर कोरून ठेवतो. जी गोष्ट न केल्याचा अभिमान राजाने दगडावर कोरावा, ती इतर राजे सर्रास करीत असले पाहिजेत.

कौटिल्याच्या नावावरील ‘अर्थशास्त्र’ सांगते की तट लाकडाचा नसावा, कारण लाकडात अग्नी दडून असतो. हा ग्रंथ नेमका कोणत्या काळातला याविषयी वाद आहे, आणि मौर्यांचा तट लाकडाचाच असल्याने तो वाद अधिक वाढला. मला मात्र त्याच ठिकाणचे दुसरे एक कलम महत्त्वाचे वाटते. नगराच्या आत कोणत्या दिशेला कोणत्या वर्णाने राहावे हे ठरवून झाल्यावर ग्रंथकार पाखंडी आणि चांडाळ यांची सोय स्मशानाच्या कडेला लावतो. तट कशाचा असावा यावर मतभेद होऊ शकतात. चांडाळाच्या जागेविषयी शंकाच नाही!

या नगराचा पाया घातला जात असताना तथागत तेथून गेले होते. वज्जींना रोखण्यासाठी अजातशत्रूचे अमात्य सुनीध आणि वस्सकार पाटलिग्रामात कोट बांधीत होते. हे मोठे नगर होईल, पण त्याला अग्नी, पाणी आणि आपसातील फूट यांपासून धोका आहे, असे तथागत म्हणाल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आहे. तट बाहेरच्या शत्रूसाठी होता. इ. स. पूर्व १८५ च्या सुमारास शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला सैन्याची पाहणी चालू असताना मारले ते त्याच्याच ब्राह्मण सेनापतीने, पुष्यमित्राने. बाबासाहेबांनी या घटनेला प्रतिक्रांती म्हटले. तेव्हा ५७० बुरुजांचा काय उपयोग झाला?

पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्खू फाहियान आला. पाटलिपुत्रात तो तीन वर्षे राहिला. अशोकाचा राजवाडा पाहून तो लिहितो की हे काम माणसांच्या हातचे नव्हे, भूतांनी दगड रचून केले. साडेसहाशे वर्षांत राबणाऱ्यांची अशी भुते झाली होती. हाच भला प्रवासी मध्यदेशातील चांडाळांविषयीही लिहितो. ते वेगळे राहतात, आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडाचा तुकडा वाजवतात, म्हणजे लोक ओळखून बाजूला होतात.