मापाचे माप

तयार कपड्याच्या गळ्याशी शिवलेला मापाचा आकडा आपण निसर्गनियमासारखा स्वीकारतो. वस्तुतः त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील स्त्रियांच्या नियतकालिकांतून येणारे कागदी पॅटर्न बहुधा एकाच मापाचे असत. ते आपल्या अंगाजोगे करून घेणे, हे शिवणाऱ्या स्त्रीचे काम. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक या शिंप्याने एकच पॅटर्न अनेक मापांत विक्रीस आणला. या तंत्राला ग्रेडिंग म्हणतात: मूळ मापाचा पॅटर्न आधी काढायचा आणि छाती, कंबर, खांदा येथे ठरावीक अंतराने तो वाढवायचा वा घटवायचा. सर्व देह एकाच प्रमाणात लहानमोठे होतात, हे त्यातले गृहीतक.

पण हा मूळ देह कोणाचा? अमेरिकी कृषिखात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेऊन १९४१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. गौरेतर स्त्रियांची मापे मात्र त्यातून वगळली होती. १९५८ ची प्रमाणित मापे याच पायावर उभी राहिली. कपडा अंगाला बसेना, की आपण देहाला दोष देतो. त्याआधी, हे प्रमाण कोणाला मोजून ठरले, एवढे तरी आपण विचारावे.