थरूर यांच्या ट्विटमधला ‘फरागो’ म्हणजे मुळात गुरांचा चारा! इंग्रजीतले जड शब्द येतात कुठून आणि लक्षात कसे राहतात?

८ मे २०१७ ला शशी थरूर यांनी एक ट्विट केलं. एका वृत्तवाहिनीने त्यांच्यावर केलेल्या आरोपांना ते उत्तर होतं. पण झालं असं की आरोप राहिले बाजूला आणि चर्चा सुरू झाली एका शब्दाची. तो शब्द म्हणजे फरागो. त्याचा अर्थ बघायला लोक ऑनलाइन डिक्शनरीवर तुटून पडले. हा शब्द शोधणाऱ्यांची संख्या अचानक वाढल्याची नोंद ऑक्सफर्डच्या डिक्शनरीवाल्यांनीही घेतली.

फरागो म्हणजे खऱ्या-खोट्याची, कशात काही नसलेली सरमिसळ. शब्द लॅटिनमधला. तिथे ‘फार’ म्हणजे गव्हाच्या जातीचं एक धान्य आणि फरागो म्हणजे वेगवेगळी धान्यं एकत्र करून गुरांना घातलेला चारा. थोडक्यात, थरूर यांनी ज्या शब्दाने समोरच्याला गार केलं, तो शब्द थेट गोठ्यातून आलेला आहे.

मग हा सिलसिलाच सुरू झाला. जुलै २०१७ मध्ये नितीश कुमार यांनी महाआघाडी सोडून भाजपसोबत सरकार बनवलं, तेव्हा थरूर यांनी ‘स्नॉलीगॉस्टर’ हा शब्द काढला. अर्थ : धूर्त, तत्त्वशून्य राजकारणी. हा अमेरिकन बोलीतला एकोणिसाव्या शतकातला शब्द. आपला ‘आयाराम गयाराम’ त्याच्या जवळ जातो, पण त्यात फक्त पक्ष बदलणं येतं, धूर्तपणा येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये नितीश कुमार पुन्हा फिरले आणि थरूर यांनी तोच शब्द पुन्हा वर काढला.

सगळ्यात गाजला तो ऑक्टोबर २०१८ मधला शब्द. नरेंद्र मोदींवरच्या आपल्या पुस्तकाची घोषणा करताना त्यांनी वापरलेला ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’. इंग्रजीत २९ अक्षरं! अर्थ मात्र अगदी साधा : एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं. फ्लॉकी म्हणजे लोकरीचा पुंजका, निहिली म्हणजे काहीच नाही, पिली म्हणजे केस. ‘कवडीइतकीही किंमत नाही’ या अर्थाने लॅटिनमध्ये वापरले जाणारे चार शब्द एकापुढे एक जोडून हा डबा-गाडी शब्द तयार झाला. अठराव्या शतकात तो गंमत म्हणून वापरात आला आणि आजही त्याचा उपयोग बहुतेक गंमतीपुरताच आहे.

अडचण अशी की हे बघून अनेकांना वाटतं, चांगलं इंग्रजी म्हणजे असले शब्द. मराठी माध्यमातून आलेला मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागते, मोबाइलवर ‘रोज २० ॲडव्हान्स्ड शब्द’ वाले रील सेव्ह करत जाते आणि महिन्याने कळतं की त्यातले पाचही आठवत नाहीत. मग ‘आपलं इंग्रजी कच्चंच’ हा शिक्का स्वतःच स्वतःवर मारला जातो.

खरं तर कामाचे शब्द वेगळेच आहेत. न्यूझीलंडच्या संशोधक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये विद्यापीठांतली पुस्तकं आणि लेख चाळून एक यादी बनवली. त्यात ५७० शब्दकुळं आहेत. शब्दकुळं म्हणजे ‘ॲनालाइज’, ‘ॲनालिसिस’, ‘ॲनालिटिकल’ मिळून एक. या ५७० मध्ये शैक्षणिक मजकुरातले सुमारे १० टक्के शब्द येतात. ‘सिग्निफिकंट’, ‘डिराइव्ह’, ‘कन्सिस्टंट’ असे हे शब्द. ट्विटवर टाळ्या मिळवणारे नाहीत, पण अभ्यासाचं पुस्तक वाचताना पानोपानी आडवे येणारे. ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ या नावाने ही यादी इंटरनेटवर फुकट मिळते. इंग्रजीतली कादंबरी किंवा वर्तमानपत्र न अडखळता वाचायचं, तर साधारण ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात, असं पॉल नेशन या भाषातज्ज्ञांनी २००६ मध्ये मांडलं. आकडा मोठा आहे, पण त्यात फ्लॉक्सिनॉसि... कुठेच लागत नाही.

हे शब्द डोक्यात ठेवायचे कसे? इथे मराठी माणसाकडे आधीपासूनच एक किल्ली आहे. सुगंध-दुर्गंध, सुदैव-दुर्दैव, सुबोध-दुर्बोध. ‘सु’ आणि ‘दुर्’ कळले की नवा शब्दही अर्धा कळतो. लॅटिनमधून आलेल्या इंग्रजी शब्दांत हेच काम ‘बेने’ आणि ‘माले’ करतात. ‘बेनेव्होलंट’ म्हणजे भलं चिंतणारा, ‘मालेव्होलंट’ म्हणजे वाईट चिंतणारा. मलेरियासुद्धा याच घरातला, इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीतल्या खराब हवेने हा ताप येतो असं लोक समजायचे. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला, तरी नाव काही बदललं नाही.

याच पद्धतीवर नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ चं पुस्तक उभं आहे. फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे आजही हमखास दिसणारं. मात्र मुळं कधी कधी फसवतात. ‘पेडेस्ट्रियन’ मधला ‘पेड’ लॅटिन, म्हणजे पाय. ‘पीडियाट्रिशियन’ मधला ग्रीक, म्हणजे मूल. तेव्हा अंदाज बांधावा आणि डिक्शनरीत एकदा खात्री करावी.

शब्द विसरणं हा काही मेंदूचा दोष नाही. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त सुरुवातीलाच गळतं, नंतर गळती मंदावते. म्हणून एका रात्रीत १०० शब्द रटण्यापेक्षा थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी बरी. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात यासाठी खोक्यांची युक्ती लोकप्रिय केली. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. ओळखला की कार्ड पुढच्या खोक्यात, जिथली उजळणी जास्त दिवसांनी होते. चुकला की परत पहिल्या खोक्यात. आजची फ्लॅशकार्डवाली ॲप्स याच तत्त्वावर चालतात.

आता राहिला अर्थ. इथे ‘शब्द बरोबर मराठी अर्थ’ अशी जोडी पाठ करणारे हमखास पडतात. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला असं वाटतं, पण काटेकोर इंग्रजीत त्याचा अर्थ निःपक्षपाती. खटल्यात न्यायाधीश डिसइंटरेस्टेडच हवा. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही! ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि निर्बंधही. कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्यच ठरवतं. शिवाय कुठला शब्द कुणासोबत बसतो, हेही पाहावं लागतं. मराठीत पाऊस मुसळधार असतो आणि चहा कडक. मुसळधार चहा कुणी मागत नाही. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि चहा ‘स्ट्राँग’. त्यामुळे वहीत सुटा शब्द लिहिण्यापेक्षा तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहिलेलं जास्त टिकतं.

जड शब्द वापरले की माणूस हुशार वाटतो का, हेही तपासून झालंय. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनी एकच मजकूर सोप्या आणि अवघड शब्दांत लोकांना वाचायला दिला. विनाकारण अवघड शब्द वापरणारा लेखक वाचकांना कमी हुशार वाटला. या शोधनिबंधाला २००६ चं इग नोबेल मिळालं. त्याचं शीर्षक मात्र मुद्दाम इतकं बोजड ठेवलं होतं, की ते कळायलाही डिक्शनरी लागावी.